पशुपक्षी बोलूं लागतात तेव्हां

पशुपक्षी बोलूं लागले कीं मुलें कान टवकारतात आणि मोठीं माणसें तात्पर्य शोधूं लागतात, असा माझा वीस वर्षांच्या अध्यापनांतील अनुभव आहे. वर्गांत एखादी विनोदी कविता वाचावयास घ्यावी, तींत उंटानें आपल्या पाठीबद्दल तक्रार करावी किंवा बेडकानें गाण्याची बैठक भरवावी, कीं पुढच्या बांकापासून मागच्या बांकापर्यंत हंशाची एक लाट जाते. मग घंटा होते, वह्या घरीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं एखादे पालक सौजन्यानें विचारतात, "सर, कविता गमतीची आहे खरी, पण मुलानें तींतून घ्यावयाचें काय?" हा प्रश्न उपहासाचा नसतो. मासेमारीच्या किंवा शेतीच्या कष्टांतून पैसा पैसा वांचवून मुलाला हायस्कुलांत पाठविणाऱ्या बापाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचें उत्तर वर्गाच्या दारांत उभ्याउभ्यानें देतां येत नाहीं, म्हणून यंदाच्या वार्षिकांत तें देण्याचें मनांत आणिलें आहे. बालमित्रांनींहि तें वाचावें; कारण या खटल्यांतले साक्षीदार तेच आहेत.

प्रथम, तात्पर्य विचारण्याची ही संवय आपणांस लागली कोठून, तें पाहूं. मुलांसाठीं छापलेल्या मराठी पुस्तकांच्या आरंभीं आपणांस बोलणारे प्राणीच भेटतात. तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यांतून १८०६ सालीं 'बालबोधमुक्तावली' नांवाचें पुस्तक निघालें. तें इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर होतें. पुढें १८२८ च्या सुमारास मुंबईंत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनीं इसापाच्या नीतिकथा मराठींत आणिल्या. पंचतंत्र व हितोपदेश तर आपल्या घरचेच. या सर्व ग्रंथांत सिंह, कोल्हा, ससा, कावळा हे बोलतात ते मनुष्याला शहाणपण शिकविण्याकरितां. शेवटीं तात्पर्य असतें, आणि शाळेंत तेंच पाठ करावयाचें असतें. ज्या भाषेंतील मुलांचें वाचन अशा गोष्टींनीं सुरू झालें, तींत प्राण्यानें तोंड उघडतांच वाचक उपदेशाची वाट पाहूं लागला, तर त्यांत नवल नाहीं.

परंतु नीतिकथा आणि विनोदी कविता यांत एक महत्त्वाचा भेद आहे. नीतिकथेंतील कोल्हा हा खरोखर कोल्हा नसतोच. तो एक धूर्त मनुष्य असतो, आणि कोल्ह्याचें कातडें त्यानें अंगावर पांघरलेलें असतें. गोष्ट संपली कीं कातडें खुंटीला टांगावयाचें आणि आंतल्या माणसाला दोन शब्द सुनवावयाचे, म्हणजे तात्पर्य निघालें. विनोदी कवितेंतील प्राणी आपलें कातडें असें उतरवीत नाहीं. तो बोलतो माणसासारखा, पण राहतो प्राणीच. समजा, आपल्या खाडीच्या चिखलांतला एखादा निवटा अर्धा चिखलांत रुतून शेजारच्या चिंबोरीला स्वच्छतेचे नियम सांगूं लागला, तर आपणांस हंसूं येईल. तें कां येईल? चिखलहि खरा आहे आणि नियमहि खरे आहेत. दोन्ही एकाच तोंडाशीं आले म्हणून. त्या निवट्याला बाहेर काढून, धुवून पुसून टेबलाशीं बसविला, तर हंसूं गेलें आणि केवळ व्याख्यान उरलें.

इंग्लंडांतहि मुलांच्या कवितेला हीच वाट चालावी लागली. आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकानें १७१५ सालीं मुलांकरितां जीं पद्यें प्रसिद्ध केलीं, त्यांपैकीं एकांत उद्योगी मधमाशीचें उदाहरण घालून आळसाचा निषेध केला आहे. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रज मुलें तें पद्य पाठ करीत आलीं. १८६५ सालीं लुइस कॅरल यानें ॲलिसच्या गोष्टींत त्याच पद्याच्या घाटावर मधमाशीच्या जागीं एक मगर आणून बसविली. ही मगरहि उद्योगी आहे. मात्र तिचा उद्योग शेपूट चकचकीत ठेवण्याचा आणि प्रसन्न मुद्रेनें मासे पोटांत घेण्याचा! पुढें १८७१ च्या आपल्या संग्रहांत एडवर्ड लियरनें घुबड आणि मांजर यांचें लग्न लावून दिलें. त्या लग्नाचें तात्पर्य आजवर कोणी काढिलेलें नाहीं, आणि तें नाहीं म्हणून त्या कवितेचें कांहीं अडलेलेंहि नाहीं.

आतां कोणी म्हणेल, हे सारे रिकामटेकड्यांचे खेळ आहेत. परंतु मुक्या प्राण्याच्या तोंडीं वाणी घालणें ही युक्ति हलकी नव्हे. आमच्या पवित्र शास्त्रांत, गणनेच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत, बलामाच्या गाढवीची कथा आहे. वाटेंत उभा राहिलेला देवदूत त्या प्रसिद्ध द्रष्ट्याला दिसला नाहीं. तो दिसला गाढवीला. तीन वेळां मार खाल्ल्यावर तिला वाचा फुटली, आणि तिनें धन्याला सरळ जाब विचारला. पैठणास ज्ञानेश्वरांनीं रेड्याच्या मुखीं वेद वदविले, ही कथा तर महाराष्ट्रांत मुलामुलाला ठाऊक आहे. दोन्ही कथांत बोलणारें जनावर ओझें वाहणारें आहे, आणि दोन्ही कथांत तें विद्वानांपुढें बोलतें. ज्याला आपण मुका समजतों तो बोलूं लागला तर काय सांगेल, ही उत्सुकता त्या कथांच्या मुळाशीं आहे. आणि विनोदी बालगीताच्या मुळाशींहि तीच आहे.

याच युक्तीनें डोळ्यांत पाणीहि आणितां येतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या 'केवढें हें क्रौर्य!' या कवितेंत घायाळ झालेली एक पक्षिणी कशीबशी घरट्यापर्यंत पोहोंचते आणि आपल्या पिलांशीं अखेरचे शब्द बोलते. ती कविता वाचतांना पक्षी कसा बोलेल, असा प्रश्न कोणा मुलानें मला कधीं विचारलेला नाहीं. आई बोलते आहे, एवढें त्यांना पुरें होतें.

विनोदी बाजूला मराठींत विंदा करंदीकर यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. १९१८ सालीं आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील धालवली येथें जन्मलेल्या या कोंकणच्या कवीनें ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र मराठींत आणिलें, ग्योटेचा 'फाउस्ट' आणि शेक्सपियरचा 'राजा लिअर' मराठींत उतरविला, आणि २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला. त्याच लेखणीनें त्यांनीं मुलांसाठीं 'राणीची बाग' (१९६१), 'सशाचे कान' (१९६३) असे एकामागून एक कवितासंग्रह लिहिले. 'राणीची बाग' म्हणजे मुंबईस भायखळ्याला १८६२ सालीं खुली झालेली ती बाग. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. पण रेवसची लाँच धरून भाऊच्या धक्क्यावर उतरणारें आपल्याकडील मूल अजून राणीच्या बागेंतच जातें. लिअर राजाचा विलाप ज्याला पेलला, त्याला सशाच्या कानांची गंमत लिहावीशी वाटली, यावरून ही गंमत पोरकट नाहीं एवढें तरी पालकांनीं मान्य करावें.

मग अशी कविता समजून घ्यावयाची कशी? माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन गोष्टी सांगत असतों. पहिली ही कीं, कवितेंतील कोणीहि प्राणी हंसत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. त्यांचें चाललेलें सारें अत्यंत गंभीरपणें चाललेलें असतें, आणि म्हणूनच आपण हंसतों. ती म्हणून दाखविणाऱ्यानेंहि चेहरा गंभीर ठेवावा. जो आधीं स्वतः हंसतो, तो श्रोत्यांच्या वांट्याचें हंसूं खाऊन टाकतो. दुसरी ही कीं, कोठें एखादी गोष्ट पुनः पुनः येते तें पाहावें, आणि ती कोठें किंचित् बदलते तें अधिक काळजीनें पाहावें. कवीचें म्हणणें बहुधा त्या बदलांत असतें. तिसरी ही कीं, ती डोळ्यांनीं न वाचतां तोंडानें वाचावी. कावळा 'काव' करतो म्हणून तो काऊ झाला आणि चिमणी 'चिव' करते म्हणून ती चिऊ झाली. म्हणजे पांखरांनीं आपलीं नांवें आपणच सांगितलीं, आपण तीं फक्त लिहून घेतलीं. हें आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना लवकर उमगतें. शेजारच्या कोर्लईस, जेथें पोर्तुगिजांनीं १७४० पर्यंत किल्ला राखिला, तेथील ख्रिस्ती वस्तींत अजून पोर्तुगीजपासून उपजलेली एक निराळी बोली घराघरांत नांदते. कोळीवाड्यांतील बोली निराळी, आगऱ्यांची निराळी, पुस्तकांतली आणखी निराळी. ज्या मुलाला घरीं एक, बंदरावर दुसरी आणि शाळेंत तिसरी भाषा बोलावी लागते, त्याला कावळ्याचीहि एक भाषा असेल हें पटविण्यास व्याकरण लागत नाहीं.

या तीन गोष्टी शिकविण्यास मी दरवर्षीं सर्वांत जुनें, सर्वांत साधें उदाहरण घेतों. तें म्हणजे चिऊकाऊची गोष्ट. ती अर्धी गोष्ट आहे आणि अर्धें गाणें आहे. तिचा कर्ता कोणी ठाऊक नाहीं, आणि ती ऐकल्यावांचून वाढलेलें मराठी मूल सांपडणें कठीण. पांचवीचा वर्ग प्रथम नाक मुरडतो, "सर, ही तर बाळांची गोष्ट!" म्हणून. असूं द्या. चिमणीचें घर मेणाचें, कावळ्याचें शेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशीं येऊन हांक मारतो. चिमणी आंतून सांगते कीं, थांब, बाळाला न्हाऊं घालतें आहें. पुन्हां हांक, थांब, अंग पुसतें आहें. पुन्हां हांक, थांब, काजळ घालतें आहें. मग तीट, मग दूध, मग झोंपविणें. प्रत्येक घरची आजी आपापल्या घरचीं कामें त्यांत घालीत जाते, आणि गोष्ट पाऊस थांबेपर्यंत लांबवितां येते.

मूल येथें हंसतें, तें कां? मी पुष्कळ वर्षें मुलांनाच हें विचारीत आलों आहें. त्यांचीं उत्तरें जमविलीं असतां असें दिसतें कीं, चिमणी अगदीं त्यांच्या आईसारखी बोलते म्हणून तीं हंसतात. "थांब, हातांत काम आहे," हें वाक्य कोणत्या मुलानें ऐकलेलें नाहीं? तें चिमणीच्या चोंचींतून आलें, कीं रोजची घरची गोष्ट एकदम दुरून दिसूं लागते. शिवाय, गोष्ट ऐकणारें लहान मूल स्वतः त्या मेणाच्या घरांत असतें. न्हाऊं घातलें जाणारें बाळ तेंच, काजळ-तीट त्यालाच. बाहेर पाऊस कोसळतो आहे, आंत ऊब आहे, आणि दार बंद आहे. त्या हंसण्यांत सुरक्षिततेचा आनंद मिसळलेला असतो, आणि लहान मुलाला तो लाभावा हें योग्यच आहे.

पण तेंच मूल दहा वर्षांचें झालें म्हणजे त्याच्या कानांवर दाराबाहेरची हांक पडूं लागते. या ठिकाणीं मी वर्गाला प्रश्न घालतों कीं, चिमणीनें केलें तें बरोबर कीं चूक? एकदां असाच वाद चांगला रंगला. एक मुलगा म्हणाला, "चिमणीचें काय चुकलें? कावळे चिमणीचीं पिलें खातात. मी स्वतः पाहिलें आहे." तें खरेंच आहे, कावळा घरट्यांतील अंडीं आणि पिलें पळवितो. दुसऱ्यानें उत्तर दिलें, "मग तिनें तसें सांगावें. कामाचीं निमित्तें कशाला?" तिसरा म्हणाला, "शेणाचें घर बांधावें कशाला? पाऊस येणार हें त्याला ठाऊक नव्हतें काय?" यावर वर्ग हंसला.

तेव्हां एक मुलगी उठली. एरवीं ती फार बोलत नसे. ती म्हणाली, "ठाऊक असलें तरी ज्याला जें मिळतें त्याचेंच तो घर बांधतो. आमचें पत्र्याचें होतें."

वर्ग गप्प झाला. कारण तिला काय म्हणावयाचें आहे तें प्रत्येकाला समजलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, त्याला तेव्हां पुरीं तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या त्या एका दुपारीं आडव्या झाल्या. कौलें उडालीं, पत्रे उडाले, आणि कित्येक गांवीं पुढें बरेच दिवस वीज नव्हती. त्यांतच साथीचे दिवस. शेजाऱ्यानें शेजाऱ्याच्या घरीं जाऊं नये, असा त्या काळचा नियम होता, आणि नेमक्या त्याच वेळीं शेंकडों कुटुंबांना शेजाऱ्याचें दार ठोठावावें लागलें. कांहीं दारें तत्काळ उघडलीं. कांहीं उशिरां उघडलीं. आंतल्या माणसाची भीति खरी होती आणि बाहेरच्याची गरजहि खरी होती. चिऊकाऊची गोष्ट आपण त्या वर्षीं प्रत्यक्ष जगलों, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्या दिवशीं मी वाद तेथेंच थांबविला आणि घरीं लिहून आणावयास एक विषय दिला. पावसाळा गेला, वैशाख आला, उन्हानें मेणाचें घर वितळलें. आतां चिमणी कावळ्याच्या दाराशीं आली आहे. पुढें काय झालें? दुसऱ्या दिवशीं वह्या आल्या. निम्म्याहून अधिक वह्यांत कावळ्यानें पुरता सूड घेतला होता. एकांत तो आंघोळ करीत होता, एकांत दाढी करीत होता, एकांत तर मोबाइलवर बोलत होता आणि चिमणीला बोटानें थांबण्याची खूण करीत होता. तीं उत्तरें मोठ्यानें वाचतांना आम्हीं सर्वजण पोट धरून हंसलों. कांहीं शहाण्या मुलांनीं कावळ्याला क्षमाशील केलें होतें. त्यानें दार उघडून चिमणीला चार हिताच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि तीं उत्तरें वाचतांना वर्ग जांभया देत होता.

त्या मुलीचें उत्तर चार ओळींचें होतें. चिमणी आली, पण हांक मारावयास तिला दार सांपडेना. कारण कावळ्यानें या खेपेस घर बांधतांना दारच ठेविलें नव्हतें. चिमणी सरळ आंत आली, आणि कावळा म्हणाला, "पाय पूस." तिला मी विचारलें, दार कां ठेविलें नाहीं? ती म्हणाली, "वादळांत आमचें दार उडालें होतें, सर. तेव्हां कोणीहि सरळ आंत येई. आई फक्त पाय पुसावयास सांगे." वर्ग हंसला, आणि तीहि हंसली.

विनोदी कवितेंतून मुलानें घ्यावयाचें काय, या प्रश्नाला माझ्यापाशीं याहून चांगलें उत्तर नाहीं. या मुलीला मीं दयेवर निबंध लिहावयास सांगितलें असतें, तर तिनें इतरांप्रमाणें पाठ केलेलीं दहा वाक्यें लिहिलीं असतीं. घर उडाल्याची गोष्ट सांगावयास सांगितलें असतें, तर ती बहुधा बोललीच नसती. कावळ्याच्या तोंडून मात्र तिला बोलतां आलें. प्राणी बोलतात तेव्हां मुलाला एक आडोसा मिळतो. त्या आडोशामागून तें आपलें भय, आपली लाज आणि आपला न्याय मोकळेपणानें मांडूं शकतें. आणि "पाय पूस" या दोन शब्दांत जो विनोद आहे, त्यामुळें तिची क्षमा उपदेश होत नाहीं. घरांत आलेल्या माणसाला आपण जसें बोलतों, तसें कावळा बोलतो, एवढेंच. सूड घेणारे कावळे आम्हांस हंसवून गेले, क्षमाशील कावळ्यांनीं आम्हांस झोंप आणिली. पण हा कावळा पुष्कळ दिवस वर्गांत राहिला. पुढें कोणी उशिरां वर्गांत आला आणि दाराशीं घुटमळला, तर मुलेंच आंतून म्हणत, "पाय पूस, आणि ये!"

बालमित्रहो, तुम्हांस माझें सांगणें एवढेंच कीं, कविता वाचून हंसूं आलें तर आधीं मनसोक्त हंसा. हंसून झालें म्हणजे स्वतःला विचारा, मी कोणाला हंसलों, आणि मी त्या जागीं असतों तर काय बोललों असतों? उत्तर आलें नाहीं तरी चिंता नाहीं. कांहीं कविता दहाव्या वर्षीं समजतात, कांहीं चाळिसाव्या वर्षीं. तोंवर त्या पाठ असाव्यात म्हणजे झालें.

आणि सुज्ञ पालकहो, आपणांस एक विनंति आहे. मूल घरीं येऊन बोलणाऱ्या हत्तीची किंवा रुसलेल्या खारीची कविता म्हणून दाखवूं लागलें, तर "यांत शिकलास काय?" हा प्रश्न त्या रात्रीपुरता बाजूला ठेवावा. त्याऐवजीं, "मग हत्ती पुढें काय म्हणाला?" असें विचारावें. जाळीं विणतां विणतां विचारावें, भाकऱ्या थापतां थापतां विचारावें. त्याला निराळा वेळ काढावा लागत नाहीं. मात्र मूल सांगूं लागलें म्हणजे चिमणीप्रमाणें, "थांब, हातांत काम आहे," असें म्हणूं नये. हत्तीच्या तोंडून तें काय सांगतें आहे, तें ऐकून घ्यावें. पुष्कळदां तें हत्तीचें नसतें.